भरीत, भिंत आणि बिचारी

भिंतीपलीकडून धूर आला की समजावं, आक्कांनी वांगी भाजायला घेतली. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या जळगावात धूर दिसला म्हणून कोणी घाबरत नाही. वास कोणत्या बाजूने येतोय तेवढं बघतात आणि त्या बाजूच्या माणसाशी जरा गोड बोलायला लागतात.

मीही तशीच, हातात पेपर घेऊन बाहेर आले. आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी उंच आहे. कढीपत्त्याच्या झाडाजवळ वरच्या दोन विटा पडल्यात, त्या कोणी बसवत नाही. वाट्या, ताटल्या, मिरच्या, किल्ल्या आणि बातम्या सगळं तिथूनच ये-जा करतं. आक्का पलीकडे पऱ्हाट्यांचा जाळ करून बसल्या होत्या. वांगी बामणोदची, हिरवी, एकेक तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आक्का ‘आजाऱ्याचं भरीत’ म्हणतात.

“काय गं मास्तरीण, त्या बाईंना काय बोलल्या त्या दुसऱ्या बाई?”

“कोणत्या बाई?”

“राष्ट्रपतीबाईंना गं! काल रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला. तीन मिनिटं बोलली, त्यातली दोन तेच बोलू राहिली. माझी बीपीची गोळी विचारायची राहून गेली.”

तो दिवस शनिवार, १ फेब्रुवारी २०२५. आदल्या दिवशी, शुक्रवारी, बजेट अधिवेशन सुरू झालं होतं. रिवाजाप्रमाणे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी दोन्ही सभागृहांच्या खासदारांसमोर अभिभाषण वाचलं. भाषण हिंदीत आणि चांगलं तासभराचं. बाहेर आल्यावर पत्रकारांनी सोनिया गांधींना विचारलं, कसं वाटलं? त्या इंग्रजीत म्हणाल्या, शेवटी शेवटी राष्ट्रपती फार थकल्या होत्या, त्यांना बोलवत नव्हतं, ‘पुअर थिंग’. शेजारी राहुल गांधी उभे, त्यांच्या तोंडून ‘बोअरिंग’ हा शब्द गेला. झालं! दुपारी टीव्हीवर ‘पुअर थिंग’ची ‘बेचारी’ झाली आणि आमच्या मराठी चॅनेलवर येईपर्यंत ‘बिचारी’.

“मग?” आक्कांनी वांगं फिरवलं.

मग राष्ट्रपती भवनाने पत्रक काढलं. राष्ट्रपती कोणत्याही क्षणी थकलेल्या नव्हत्या, वंचितांसाठी, महिलांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी बोलताना थकवा येतच नाही असं त्या मानतात. पुढे एक वाक्य असं की, या नेत्यांना हिंदीसारख्या भारतीय भाषांची बोलण्याची रीत कदाचित परिचयाची नसावी, म्हणून त्यांचा गैरसमज झाला असेल. पंतप्रधान दिल्लीत निवडणुकीच्या सभेत होते, तिथे त्यांनी हा आदिवासी कन्येचा अपमान आहे म्हणून सुनावलं. प्रियांका गांधी म्हणाल्या, माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, एवढं लांब भाषण वाचून दमल्या असतील बिचाऱ्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. आदर पूर्ण आहे.

“राष्ट्रपतीबाईंचं वय काय?”

“सहासष्ट.”

“मग पोरगीच ना!” आक्का स्वतः बहात्तरच्या. “अठ्ठ्याहत्तरची बाई सहासष्टच्या बाईला म्हणू राहिली, दमली गं बिचारी. आमच्यात हे रोज चालतं. त्यात अपमान कसला?”

मला जरा ठसका लागला, आणि तो धुराने लागला नव्हता. कारण सांगते. आक्कांचे यजमान गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर महिनाभराने मी दूधवालीजवळ सहज बोलले, “बिचाऱ्या आक्का, एवढ्या मोठ्या घरात आता एकट्या.” भिंतीपलीकडे आक्का कढीपत्ता तोडत होत्या. सतरा दिवस अबोला. त्या दोन विटांच्या जागेतून एक वाटीसुद्धा इकडची तिकडे गेली नाही. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळेला त्या झाडाशी बोलल्या. अठराव्या दिवशी त्यांच्या मांजराने आमच्या दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि भांडण झालं म्हणजे बोलणं सुरू झालंच.

मी आठवण करून दिली. आक्कांनी चिमट्याने वांगं उलटं केलं, सालीचा फट्ट आवाज झाला.

“ते वेगळं होतं.”

“कसं वेगळं?”

“तू मला बिचारी म्हणाली ते दूधवालीजवळ. मला नाही म्हणाली. तोंडावर म्हटलेली बिचारी माया असते. पाठीमागे म्हटलेली बिचारी म्हणजे... आपलं बरंय, तिचं नाही. आणि यांनी कोणाजवळ म्हटलं? टीव्हीवाल्याजवळ. दूधवालीहून वाईट!”

माझी तीस वर्षं मराठी शिकवण्यात गेली. पण बिचारीचे दोन अर्थ असे, ऐकणारा कुठे उभा आहे यावरून, मी कोणत्या वर्गात सांगितले नव्हते.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची सून मोबाइल नाचवत गच्चीच्या कठड्याशी आली. तिच्याकडे सगळं आधी येतं. “काकू, ती क्लिप पाहिली का? काही सेकंदांची आहे.” तिने आवाज मोठा केला. आम्ही दोघी मान वर करून ऐकत राहिलो. इंग्रजी शब्द आक्कांना कळले नाहीत, पण आवाज कळला. “एवढंच?” त्या म्हणाल्या. “अन् भाषण? ते किती ऐकलं तू?”

“ते कोण ऐकतं काकू! तासाभराचं होतं.”

“हेच तर ते पोरगं म्हणालं, बोअर,” आक्का म्हणाल्या. “त्याने म्हटलं तर बातमी, हिने म्हटलं तर काहीच नाही.”

सून हसत आत पळाली.

आता माझं प्रामाणिक मत. तासभर उभं राहून बोलल्यावर माणूस दमतं. मुर्मूबाईही राजकारणात येण्याआधी रायरंगपूरला शाळेत शिकवायच्या, म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या. लागोपाठ चार तास घेतल्यावर पाचव्या तासाला मास्तरणीचा आवाज कसा निघतो ते मला विचारा. घशात खडूची भुकटी आणि समोर साठ पोरं. त्यात हिंदी ही त्यांची मायबोली नव्हे. त्या मयूरभंजच्या संताळ, घरची भाषा संताळी, शिकल्या ओडियात. तासभर परक्या भाषेतला कागद अडखळल्याशिवाय वाचायचा, अख्खी संसद समोर आणि कॅमेरा नाकासमोर. दमल्या असतील तर त्यात कमीपणा नाही, नसतील दमल्या तर कौतुक आहे. पण “त्या थकल्याच नाहीत” हे सरकारी पत्रकाने सांगावं लागलं, याची मला गंमत वाटते. आमच्या शाळेत असं पत्रक निघालं असतं तर दुसऱ्याच दिवशी मला दोन तास जादा लावले असते.

‘हे’ व्हरांड्यात चहा घेत होते. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, गप्पांत कायद्याचा मुद्दा आला की त्यांना राहवत नाही. चप्पल घासत भिंतीपाशी आले.

“बिचारी हा शब्द फारसी आहे,” त्यांनी सुरुवात केली. “बे म्हणजे विना. चारा म्हणजे उपाय. आपण नाही का म्हणत, दुसरा चारा नव्हता? ज्याला काही उपाय नाही, तो बेचारा.”

“मला वाटलं गुरांचा चारा,” आक्का म्हणाल्या.

“तो वेगळा. आणि खरं सांगू का, आक्का, या अर्थाने तो शब्द राष्ट्रपतीच्या पदाला चपखल बसतो. कोणीही राष्ट्रपती असो. ते भाषण त्यांचं नसतंच. मंत्रिमंडळ लिहून देतं. राष्ट्रपतींनी त्यातला काना-मात्रा बदलायचा नाही, ‘मेरी सरकार’ म्हणायचं आणि वाचायचं. सरकार बदललं की तेच राष्ट्रपती दुसऱ्या सरकारचं भाषण तेवढ्याच गांभीर्याने वाचतात. चौऱ्याहत्तरावं कलम. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, मग ऐकावाच लागतो.”

आक्कांनी वांगं जाळातून काढलं आणि परातीत ठेवलं. “म्हणजे आमच्या सरपंचासारखंच.”

त्यांची भाची तालुक्याच्या गावात महिला राखीव जागेवर सरपंच होती. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला ग्रामसेवक कागद लिहून द्यायचा, ती वाचायची. एका वर्षी त्यात लिहिलं होतं, ‘गावात नळाला रोज पाणी येते’. समोर बसलेल्या बायका हसल्या. भाची थांबली, कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “इथे लिहिलंय असं.” तेवढं एक वाक्य तिचं स्वतःचं. गावाला बाकीचं भाषण आठवत नाही, ते एक वाक्य अजून आठवतं.

“राज्यपालांनी असं केलंय,” हे म्हणाले. आता यांना थांबवणं अवघड. तमिळनाडूत २०२३ च्या जानेवारीत राज्यपाल आर. एन. रवी यांनी सरकारने लिहिलेले काही भाग गाळले आणि सभागृहातून निघून गेले. आपल्याकडे ३ मार्च २०२२ ला विधिमंडळात तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी यांनी घोषणाबाजीत भाषण सुरू केलं, दोन मिनिटंही झाली नसतील, बाकीचं पटलावर ठेवून ते निघाले. तेव्हा ते भाषण महाविकास आघाडी सरकारने लिहिलेलं आणि घोषणा देणारे आमदारही त्याच आघाडीचे. “पण राष्ट्रपती पूर्ण वाचतात,” हे म्हणाले, “आणि ते गाळता येत नाही म्हणूनच भाषण लांबतं. सगळ्या खात्यांचे तुकडे शिवून केलेली गोधडी असते ती. रेल्वेवाला म्हणतो माझं घ्या, आरोग्यवाला म्हणतो माझं.”

“आधीपासून असंच?”

“आधी तर प्रत्येक अधिवेशनाला भाषण करावं लागायचं. १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली, तेव्हा ठरलं की निवडणुकीनंतर एकदा आणि वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात एकदा.”

“तेव्हाच कोणी तरी दमलं असेल,” आक्का म्हणाल्या.

मी हातातला पेपर उघडला. म्हटलं, सगळे शब्दावर भांडताहेत, भाषणात काय होतं ते तरी बघू. सुरुवातीला कुंभातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांना श्रद्धांजली. ती मौनी अमावास्येची दुर्घटना भाषणाच्या दोनच दिवस आधीची. मग डिसेंबरात गेलेल्या मनमोहनसिंगांना. मग सरकार तिप्पट वेगाने काम करतंय, आठवा वेतन आयोग, देशातल्या मेट्रोचं जाळं हजार किलोमीटरच्या वर, सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार.

“थांब, थांब. ते सत्तरीचं परत वाच.”

मी परत वाचलं. आक्कांकडे ते आयुष्मानचं कार्ड आहे, नोव्हेंबरात नातवाने मोबाइलवरून काढून दिलं. गुडघ्यासाठी त्या ते घेऊन एका दवाखान्यात गेल्या, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर्व्हर बंद आहे, सोमवारी या. सोमवारी गेल्या तर म्हणाला, हा आजार त्या पॅकेजात बसतो की नाही विचारावं लागेल. आक्का तशाच रिक्षाने परत. रिक्षाचे दीडशे रुपये दोन्ही वेळचे.

“हे त्या भाषणात आहे का, सर्व्हर बंदचं?”

“नाही.”

“मग माझ्यापुरतं ते भाषण रिक्षापर्यंतच आलं बघ,” त्यांनी वांग्याची साल सोलायला घेतली. बोटं भाजत होती, पाण्यात बुडवून घेत होत्या. “अन् कापूस?”

शेतकरी होता भाषणात, कापूस माझ्या पेपरातल्या बातमीत तरी दिसला नाही. आक्कांच्या वाट्याच्या शेतातला कापूस तेव्हा अजून मागच्या खोलीत भरून ठेवलेला होता. २०२४-२५ च्या त्या हंगामात लांब धाग्याला हमीभाव ७,५२१ रुपये होता, खेडा खरेदीवाला व्यापारी त्याच्या खालीच मागायचा, म्हणून भाव चढेल या आशेवर रचलेला. त्याच्यामुळे अंगाला खाज सुटायची आणि नातू त्या खोलीत झोपायचा नाही. भाव काही चढू नव्हता राहिला.

यांना वेतन आयोगाचं ऐकून मात्र बरं वाटलं. म्हटलं, अहो, तो केंद्राचा आहे. “राज्य मागून देतंच,” हे म्हणाले, आणि मनातल्या मनात पेन्शनचा हिशोब सुरू झाल्याचं मला चेहऱ्यावर दिसलं. लाडकी बहीण योजनेचाही विषय निघाला. पासष्टच्या पुढची बहीण सरकारला लाडकी नाही, हे आक्कांचं जुनं दुखणं. पण ते राज्याचं भांडण, दिल्लीच्या भाषणावर काय काढायचं म्हणून सोडून दिलं.

“आपल्या प्रतिभाताई वाचायच्या ना, तेव्हा मी ऐकायची,” आक्का म्हणाल्या.

हे मात्र खरं. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, २५ जुलै २००७, तेव्हा जळगावात प्रत्येक घर त्यांचं माहेर झालं होतं. इथल्याच एम. जे. कॉलेजात शिकलेल्या, टेबल टेनिस खेळायच्या, १९६२ ला सत्ताविसाव्या वर्षी इथून आमदार झाल्या. जून २००९ मध्ये त्यांनी नव्या लोकसभेपुढे भाषण वाचलं, तेव्हा आक्कांचे यजमान टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. त्या भाषणात शंभर दिवसांची यादी होती आणि तीत महिला आरक्षणाचं विधेयक लवकर मंजूर करण्याची गोष्ट होती. राज्यसभेत २०१० ला ते झालंही, लोकसभेत अडलं, मग विरलं. शेवटी नव्याने विधेयक येऊन कायदा झाला तो सप्टेंबर २०२३ ला, त्यावर सही मुर्मूबाईंची. तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होणार म्हणे.

“दोन हजार नऊ ते तेवीस,” आक्कांनी बोटांवर मोजलं. बोटांना वांग्याचा गर लागलेला. “चौदा वर्षं. रामाचा वनवास झाला की गं!”

“वाचलं एकीने, सही केली दुसरीने,” मी म्हटलं.

“अन् लिहिलं?”

हे म्हणाले, “लिहिलं सरकारने.” आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपराची पुरवणी घेऊन व्हरांड्यात परत गेले. जाता जाता सांगून गेलेच: भाषणानंतर आभारदर्शक ठराव असतो, राष्ट्रपतींचे आभार मानण्याच्या नावाखाली सरकारला धोपटायचं, आणि राज्यसभेने २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यात सरकारला नको असलेली दुरुस्ती घुसवली होती. आक्का म्हणाल्या, आभार मानताना ‘पण’ लावणं हे त्यांच्या नणंदेला पण जमतं. छान झालंय भरीत, पण जरा खारट.

(त्या ठरावावर पुढच्या सोमवार-मंगळवारी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. भाजपच्या खासदारांनी सोनिया गांधींवर हक्कभंगाची नोटीस दिली. राहुल गांधी म्हणाले, मागच्या वर्षीचंच भाषण परत ऐकताना लक्ष टिकवणं जड गेलं. पंतप्रधान म्हणाले, गरिबांच्या झोपडीत फोटो काढून घेणाऱ्यांना संसदेत गरिबांच्या गोष्टी बोअरिंगच वाटणार. आक्कांच्या सर्व्हरचं कोणीच काढलं नाही. आणि बारा लाखांपर्यंत आयकर नाही हे त्या शनिवारी दुपारी कळल्यावर आमच्या गल्लीतली ‘बिचारी’ संध्याकाळपर्यंत विसरली गेली. पण हे सगळं नंतरचं.)

वांगी सोलून झाली. आक्कांनी बडगी पुढे ओढली. लाकडाची ती लांबट कोटंबी त्यांच्या सासूच्या हातची, आतून तेलाने काळी झालेली. गर टाकला, हिरव्या मिरच्या नि लसूण आधीच भाजून ठेवलेला, आणि लाकडी मुसळ घेऊन ठेचायला बसल्या. मिक्सरला त्या हात लावू देत नाहीत. मिक्सरने भरिताची चटणी होते. धप, धप, धप. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी भिंतीअलीकडे उभी. यांनी टीव्ही लावला, अकराला बजेट म्हणून आत्तापासून जागा धरून. वरची सून परत कठड्याशी आली, आता वासाने.

आक्कांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पदराने पुसला, दोन क्षण मुसळ टेकवून श्वास घेतला, पुन्हा सुरू. मग कांद्याची पात, भाजलेले दाणे, कोथिंबीर आणि वरून उकळतं तेल. चर्रर्र झालं. एक वाटी भरून त्यांनी त्या दोन विटांच्या जागेत ठेवली, बरोबर कळण्याची भाकरी, चतकोर.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, “किती दमलात आक्का, बि—”

मुसळ हातात तसंच. “काय म्हणाली?”

“बिनतिखटाचं केलं असतं तरी चाललं असतं म्हणते.”

“मग राहू दे वाटी,” म्हणाल्या, पण ढकलली मात्र माझ्याच बाजूला.